आईच्या नावावरची गोळी

माझ्या रजिस्टरात फिटीचे अठ्ठावीस पेशंट होते आणि त्या अठ्ठावीसातल्या एकालाही फिट येत नव्हती. हे वरच्यांना कळलं तेव्हा वरचे बरोबर होते, आम्ही चूक होतो, आणि माझं डोकं फिरतं ते ह्याच्यावरच. चूक असलेल्या माणसाशी भांडायला सोपं जातं. बरोबर असलेल्याशी कसं भांडायचं, हे अठ्ठावन्नला टेकलो तरी मला कळलेलं नाही.

मी महबूब नदाफ. सोलापुरात भवानी पेठेच्या पाठीमागं एक सरकारी दवाखाना आहे, तिथल्या औषधाच्या खिडकीत बावीस वर्षं बसतोय. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. लोक मला कंपाउंडर म्हणतात. मी फार्मासिस्ट आहे, पण किती जणांना सांगत बसू. आणि सांगायचंय ते माझं नाहीच, विजयमाला येमूलचं सांगायचंय. गल्लीत तिला विजयमालक्का म्हणतात. मी नुसतं अक्का म्हणतो, खरं तर ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे.

अक्का बिड्या वळते. मांडीवर सूप, बोटात पान, आणि तोंडाचा पट्टा चालू. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, भांडायला दोन्ही. कारखान्यात बिड्या तपासणारा माणूस जरा कुठं खोट दिसली की मूठभर बिड्या बाजूला फेकतो, त्याला छाट म्हणतात. अक्काच्या सुपाला हात घालायचा तर तो माणूस आधी दोनदा विचार करायचा. एकदा तिनं छाटीतली एकेक बिडी त्याच्यासमोर धरून, "हिला काय झालंय ते सांगा, मग हिचं सांगा," असं करत त्याला अर्धा तास उभा ठेवला होता. नवरा सिद्धराम यंत्रमागावर कामाला. तो बोलत नाही, आणि त्याला कधी कुणी दोषही दिला नाही. त्या घरात बोलायला जागा कुठं शिल्लक होती.

अकरा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्या खिडकीवर आली ती पोरीला घेऊन. पूनम तेव्हा बारा वर्षांची. शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभ्याउभ्या पडली होती, हातपाय झाडले होते, तोंडाला फेस आला होता. आमच्याकडं तेव्हा एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीला नीट तपासलं, मोठ्या दवाखान्यात मेंदूचा आलेख काढून आणायला लावला आणि गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ एक. दोन वर्षं फिट आली नाही तर पुढं बघू म्हणाल्या. मी पेन काढलं.

"नाव सांगा."

"माझं लिवा की, भाई. विजयमाला सिद्धराम येमूल."

"गोळी पोरीला आहे ना?"

"पोरीचं उद्या लग्न व्हायचंय. तुमच्या ह्या वहीत एकदा नाव पडलं की पेठेत कळाया किती वेळ लागतोय?"

मी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, लिहा हो, गोळी पोटात जाण्याशी मतलब. त्यांनी कागदही आईच्या नावानं करून दिला. मी लिहिलं. माझ्याच हातानं लिहिलं, हे मी कुणापासून लपवत नाही.

मग काय, एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं. कुणाची पोरगी, कुणाची सून, कुणाचा एमआयडीसीत लागलेला मुलगा. गोळ्या त्यांच्या, नावं आयांची. कधी सासूची. माझं रजिस्टर बघितलं असतं तर वाटलं असतं, सोलापूरच्या ह्या भागात चाळीस ओलांडलेल्या बायकांनाच तेवढ्या फिट येतात. मी आणि माझी बायको शमशाद ह्यावर हसलो पण होतो. आज ती आठवण करून देते आणि मी तिच्यावर चिडतो. ती म्हणते, "मेरे पे क्यूं चिल्लारे? वही तुमनेच लिखी ना?"

लिखी, बाई, मैंनेच लिखी.

अक्का चळवळीत आली ती मात्र ह्या गोळीमुळं नाही. सात रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं कुमार नावाचा माणूस बसतो. आधी औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांकडं फिरायचा, मग बॅग ठेवली आणि सरकारी दवाखान्यांत औषधं मिळावीत म्हणून खटपट करायला लागला. कुठल्याशा शिबिरात त्याला आफ्रिकेतली एक बाई भेटली होती. तिकडं गावागावातल्या बायका ठरल्या दिवशी दवाखान्यात जातात आणि फळीवर काय आहे, काय नाही ते स्वतः बघून लिहितात, असं तिनं सांगितलं. कुमार तिचा फॉर्म घेऊन आला, मराठीत केला आणि आमच्या भागासाठी बाई शोधायला लागला. मीच अक्काचं नाव सुचवलं. नस्ती उठाठेव.

दर सोमवारी अक्का हजर. "भाई, फळी दाखवा."

"अक्का, हितं कामं पडलीत."

"मग मी काय पिच्चर बघाया आलीय व्हय? बीपीची गोळी दाखवा. पोरांच्या तापाचं औषध दाखवा. ही बाटली रिकामी हाय, हिला कशाला फळीवर बसवलीय?"

मला आधी राग यायचा, नंतर सवय झाली, आणि नंतर खरं सांगायचं तर आधार वाटायला लागला. मी वर लिहून लिहून थकायचो, उत्तर यायचं नाही. अक्का फॉर्म घेऊन जायची आणि वरच्या ऑफिसात साहेबांच्या दारात सूप घेऊन बसायची. बिड्या वळायची. कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन दीड महिना नव्हतं, ते तिनं असं चार दिवस बसून आणवलं. तेव्हा पेठेतल्या लोकांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

आणि मग फिटीच्या गोळ्या बंद झाल्या. पहिल्या महिन्यात मला वाटलं, नेहमीसारखा उशीर असेल. दुसऱ्या महिन्यात मी मागणी पाठवली ती परत आली. त्यावर एकच शब्द होता, निरंक. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांना सांगतो, सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीच नाही. फिटीचे पेशंट निरंक, म्हणून मागणी निरंक, म्हणून पुरवठा निरंक. मी फोन केला. तिकडून शांतपणे सांगितलं, "नदाफसाहेब, तुमच्या अठ्ठावीसही पेशंटच्या घरी माणूस जाऊन आलंय. सगळ्यांनी सांगितलं, आम्हाला फिट येत नाही. तुम्ही गोळ्या देत होता कुणाला?"

मी फोन ठेवला.

झालं होतं असं. पडताळणीसाठी मोबाईल घेऊन एक पोरगी घरोघर फिरली होती. ती अक्काच्या दारात उभी राहिली नेमकी त्या दिवशी ज्या दिवशी पूनमला बघायला पाहुणे आले होते. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात डिझाईन करणारा, चांगलं घर. आणि ही पोरगी दारातून मोठ्यांदा विचारते, "विजयमाला येमूल तुम्हीच ना? तुम्हाला फिट येते ना?"

"अय्यो, मला कुठली फिट?" अक्का हसत म्हणाली. पाहुणेही हसले. पोरीनं मोबाईलवर 'नाही'ला बोट लावलं आणि पुढच्या घरी गेली. बाकीच्या सत्तावीस घरांत पाहुणे नव्हते, पण उत्तर तेच. खोटं तरी कसं म्हणू? त्या बायकांना खरोखरच फिट येत नव्हती.

पूनमचं जमलं. साखरपुडा झाला, लग्न माघात धरलं. आणि गोळ्यांचा डबा संपत आला. बाहेर दुकानात ती गोळी महिन्याला सातशेच्या घरात जाते, वर चिठ्ठीसाठी डॉक्टरची फी वेगळी. अक्कानं एक महिना आणली. दुसऱ्या महिन्यापासून दोनाच्या जागी एक द्यायला लागली. मी तिला सांगितलं होतं, ही गोळी अशी तोडायची नसते, एकदम कमी केली तर आधीपेक्षा जोरात येते. तिनं ऐकून घेतलं. ऐकून करणार काय होती? पूनम घरी पिशव्या शिवते. एका दुपारी मशीनवर बसल्याबसल्या शुद्ध गेली आणि सुई बोटातून आरपार. तीन वर्षांत पहिली फिट होती ती. अक्कानं दार लावून घेतलं, पोरीचं बोट फडक्यात बांधलं आणि शेजाऱ्यांनी विचारल्यावर सुई मोडली म्हणून सांगितलं.

कुमारला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं औषधांच्या तुटवड्यावर लोकांसमोर सुनावणी लावली, वरच्या ऑफिसातले साहेब यायला तयार झाले. कुमार मला म्हणाला, "कागदावर काही चालणार नाही आता. एक तरी पेशंट उभा राहिला पाहिजे. एकच द्या."

अक्का घरोघर फिरली. मीही दोन घरी गेलो. एका घरात चहा मिळाला, दुसऱ्यात तोही नाही. सत्तावीस आयांमधली एक उभी राहायला तयार होईना. अक्का माझ्या खिडकीवर येऊन फणफणली. "ह्यांच्या पोरांसाठी मी तोंड फोडून घेतीय आणि ह्या दारातून वाटेला लावतात. लाज न्हाय ह्यांना."

माझा तोल गेला. मी अगं-तुगंवर आलो. "आणि तू? तू सांगणार आहेस का? पूनमला उभी कर की. तू पहिलं खोटं लिहायला लावलंस, बाकीच्या तुझ्या मागनं आल्या. आता दुसऱ्याच्या दारात जाऊन लाज काढतीस?"

अक्काचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाली, "माघापर्यंत थांबा की, भाई. एकदा अक्षता पडू द्या."

"माघापर्यंत गोळी थांबते का?"

ती निघून गेली, आणि मी दिवसभर खिडकीवर येईल त्याच्या अंगावर जात राहिलो.

सुनावणी सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये झाली. माणसं शंभरेक. कुमारनं आपला फॉर्म वर धरला आणि म्हणाला, साहेब, फळी रिकामी आहे, एवढं पुरेसं नाही का? ज्या बाईकडनं मी हा फॉर्म आणला तिच्या फॉर्ममध्ये पेशंटचं नावच विचारलेलं नाही. साहेब माणूस वाईट नव्हता. सरळ बोलला. "मागणीच नाही तर फळी रिकामीच असणार. ज्याला गरज नाही त्याला मी गोळ्या पाठवल्या तर मला विचारणारे वर बसलेत." मग त्यानं यादी काढली, वाचली, आणि मान वर करून म्हणाला, "पहिलंच नाव, विजयमाला येमूल. ह्या आपल्याच कार्यकर्त्या ना? बाई, उभ्या राहा जरा."

अक्का उभी राहिली.

"अडीच महिने गोळी नाही. फिट आली का तुम्हाला?"

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"घरी विचारलं तर म्हणालात, मला कुठली फिट. इथं तर ठणठणीत उभ्या आहात. मग आम्ही काय समजायचं?"

हॉलमध्ये हसू झालं. कुमार तिच्याकडं आशेनं बघत होता, त्याला वाटत होतं ती आता साहेबाला सुनावेल. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता सांग. एकदाचं सांगून टाक बाई, माझं पण नाव घे, महबूबनं खोटं लिहिलं म्हण, माझी नोकरी जायची ती जाऊ दे. खरंच मी तयार होतो. निदान त्या क्षणाला तरी होतो.

अक्का पडली.

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी धावलो. डोळे वर गेलेले, मान एका बाजूला, टाचा फरशीवर आपटतायत, तोंडाच्या कडेनं लाळ. फिट कशी असते ते मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय, आणि पहिले दोन श्वास मलाही ते खरंच वाटलं. मग माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. पूनमला फिट यायच्या आधी तिचा डावा अंगठा तळव्यात वळतो, अक्कानंच सांगितलं होतं मला. अक्काचा डावा अंगठा तळव्यात वळलेला होता. पोरीच्या उशाशी बसून बसून त्या बाईनं फिट पाठ केली होती.

कुणी कांदा शोधायला धावलं, कुणी नाकाला चप्पल लावली. साहेब स्वतः खाली आला, "कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका" म्हणून ओरडला. आणि पाच-सहा जणांनी मोबाईल वर धरले होते.

रिक्षात आम्ही तिघं. हॉल मागं पडल्यावर अक्का उठून बसली, पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "लिवलं का साहेबानं?"

"लिहिलं. गोळी पाठवतो म्हणालाय," मी म्हटलं.

"कुणाची की चप्पल होती. मेली, शेणात बुडवून आणल्यागत."

कुमार एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मग मी त्याला सगळं सांगितलं, अकरा वर्षांचं. तो दोन्ही हातांत डोकं धरून बसला. म्हणाला, "मला आधी सांगितलं असतं तर..." मीच विचारतो, आधी सांगितलं असतं तर काय? कोण उभं राहिलं असतं?

आता पुढचं ऐका. साहेबानं शब्द पाळला. तीन आठवड्यांत मंजुरी आली. पेशंट एक, गोळ्या महिन्याला साठ. बाकीच्या सत्तावीस नावांपुढं निरंक. त्या सत्तावीस घरांतली पोरं कशी आहेत, मला विचारू नका. एकाचा हात चुलीवर भाजलाय, एवढं मला ठाऊक आहे.

आणि मंजुरीच्या कितीतरी आधी, सुनावणीच्याच संध्याकाळी, तो मोबाईलमधला प्रकार भवानी पेठेत घरोघर पोचला होता. दोन दिवसांनी मुलाकडचा निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. साखरपुडा झाल्यावर ह्यांना पत्रिका बघायची आठवण झाली. खरं कारण मुलाच्या आत्यानं नळावर बोलून दाखवलं. आईला एवढी फिट येते, उद्या पोरीत उतरणार नाही कशावरून? पोरीचं लपावं म्हणून आईनं स्वतःवर घेतलं, आणि आईनं घेतलं म्हणूनच पोरीचं मोडलं. मी ह्यावर कुणाला शिव्या देऊ? आत्या तशी चूक पण बोलली नाही.

अक्का सोमवारी आली नाही. पुढच्याही सोमवारी नाही. गोळ्या आल्या त्या दिवशी खिडकीवर पूनम उभी होती. तेवीस वर्षांची पोरगी. बोटाला अजून पट्टी. ती ह्या खिडकीवर एकदाच आली होती, बारा वर्षांची असताना.

"चाचा, माझं नाव लिहा."

"काय?"

"आईचं काढा आणि माझं लिहा. पूनम सिद्धराम येमूल. आता कुणाला लपवायचंय? जे मोडायचं ते मोडलं. ती घरात बसून रडते, आणि मी तिच्या नावाच्या गोळ्या गिळू व्हय?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी कॉम्प्युटर उघडला आणि तिचं नाव घातलं. आजार कधीपासून, असं एक घर असतं त्यात. ती म्हणाली, अकरा वर्षं. मी अकरा भरलं, तर ते घेईना. आधीची नोंद कुठं आहे म्हणून विचारत होतं. नोंद नसलेल्या पेशंटला नवीन पेशंट धरतात. नवीन पेशंटनं मोठ्या दवाखान्याचा नवा कागद आणायचा, मग त्याचं नाव पुढच्या तिमाहीच्या मागणीत जातं. मी दोनदा केलं, तीनदा केलं. खिडकीमागं रांग वाढत होती.

"चाचा, गोळ्या कधी मिळतील?"

"तीन महिन्यांनी. कागद लवकर आणलास तर."

तिनं काउंटरवरच्या साठ गोळ्यांकडं बघितलं. "आणि ह्या?"

"ह्या आईच्या नावावर आल्यात."

"पण माझ्याच आहेत ना?"

"तुझ्याच आहेत."

मागनं कुणीतरी आवाज दिला, आटपा की. "मग सही कुणाची करू?" तिनं विचारलं.

आयुष्यभर मी लोकांशी तावातावानं भांडलोय. तेव्हा मात्र मी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं, तिच्या आईच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "आईची कर."

तिनं पट्टीच्या बोटानं पेन धरलं आणि हळूहळू, सुबक अक्षरात लिहिलं, विजयमाला सिद्धराम येमूल.